वळचणीखालची फट

१६ नोव्हेंबर १९९९, वडसा

नोकरी लागली. अब्बांना सांगायला दुकानात गेले तर ते कुणाच्या तरी स्टोव्हच्या बर्नरमध्ये पिन फिरवत होते. स्टेशनाजवळच्या या पत्र्याच्या टपरीत त्यांचं अर्धं आयुष्य स्टोव्ह, गॅसच्या शेगड्या आणि पेट्रोमॅक्स दुरुस्त करण्यात गेलं. मान वर न करता म्हणाले, "म्हणजे मी लोकायच्या चुली दुकानात पाहतो, तू त्यायच्या घरी जाऊन पाहशीन. धंदा तोच राह्यला, बेटा."

अम्मीनं एवढंच विचारलं, "जंगलातल्या गावात एकटी जाशीन?"

एकटी नाही, सांगितलं. आरमोरीची संस्था आहे, सुनिलभाऊ म्हणून साहेब आहेत, सुरुवातीला ते सोबत राहतील. जंगलालगतच्या गावांत घरोघर जाऊन तपासणी करायची. किती लाकूड जळतं, धूर कुठे कोंडतो, ऊब कुठून निसटते. मग काय सुधारायचं ते सांगायचं. त्यांना बाईच हवी होती, कारण चुलीपर्यंत पुरुषाला कोण जाऊ देणार. बारावीनंतर चार वर्षं घरात बसून शिवणकाम केलं. आता निदान रोज कुठेतरी जाईन.

२४ नोव्हेंबर

कोसमटोला. एसटीतून उतरून पुढे बांधाबांधानं पायी. धान कापून झालाय, खळ्यांवर मळणी चालू आहे.

आम्ही पोचायच्या आत गावातलं लाकूड गायब. अंगणात मोळ्या रचलेल्या जागी ओले काळे चौकोन तेवढे उरले होते. लोकांना वाटलं, वनखात्याची माणसं आली. सुनिलभाऊंनी समजावून घसा बसवून घेतला, तरी कुणी घरात घेईना. शेवटी एका बाईनंच हाक मारली. धुरपताबाई. पन्नाशीची असेल, डोळे लालबुंद, बोलता बोलता खोकला.

"सरकारी आहेस?"

"नाही बाई."

"मंग लाकडं कायले तोलतेस?"

प्रशिक्षणात शिकवलं तसं सांगितलं. सकाळी येऊन लाकूड तोलीन, संध्याकाळी उरलेलं तोलीन. तुम्ही रोजच्यासारखं रांधा, माझ्यासाठी वेगळं काही करू नका. भिंती पाहीन, छपराची कवेलू पाहीन, धूर कसा जातो ते पाहीन. काही उचलून नेणार नाही, काही मोडणार नाही. मग काय बदललं तर लाकूड कमी लागेल ते सांगीन. पटलं तर करा.

"आन् नाई पटलं तं?"

"तर चहा पिऊन जाईन."

ती हसली आणि हसताना इतकी खोकली की भिंतीला धरून खाली बसली. तिच्या मागे सून उभी होती, बुधरी, पोटुशी, माझ्याहून लहानच. तिनं सासूला पाणी दिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की चहा होतो की नाही हे अजून ठरायचं आहे.

चहा झाला.

२ डिसेंबर

मला हे काम आवडतं. लिहून ठेवते, नंतर कधी वाटलं नाही तर वाचायला बरं.

आज धुरपताबाईकडे उदबत्तीची तपासणी केली. दारं लावून घ्यायची आणि पेटती उदबत्ती भिंतीच्या कडेकडेनं फिरवायची. धूर सरळ वर गेला तर ठीक. हलला, ओढला गेला, तर तिथून हवा येते-जाते. घर असं: पुढे ओसरी, मग चुलीची खोली, तिच्याआड एक आतली खोली. भिंती कुडाच्या, मातीनं लिंपलेल्या. पण भिंत जिथे संपते आणि छप्पर जिथे बसतं, तिथे वळचणीखाली चारी बाजूंनी वीतभर फट. उदबत्तीचा धूर तिकडे नदीसारखा वाहत गेला. बुधरी तोंडाला पदर लावून पाहत होती.

"इतकी थंडी इथूनच येते?" तिनं विचारलं.

"आणि तुमच्या लाकडाची सगळी ऊब इथूनच जाते."

तिचा नवरा लालसू दारात टेकून उभा होता. कमी बोलतो. म्हणाला, "बुजवता येते. बांबू आहे, माती आहे."

खरं सांगायचं तर फट बुजवायचं माझंच डोकं. संस्थेचा भर नव्या चुलीवर आहे. पण सुनिलभाऊंनी दिलेल्या पुस्तिकेत थंड डोंगराळ मुलखातल्या घरांचं सगळं दिलंय, भेगा बुजवा, छताखाली आच्छादन घाला, ऊब धरून ठेवा. बुधरीचं बाळंतपण ऐन थंडीत येतंय. आतली खोली बंदिस्त केली तर बाळ-बाळंतीण उबेत राहतील. सुनिलभाऊंना सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, "हेच घर नमुना म्हणून करू. लोकायले दाखवाले काहीतरी पाह्यजे."

धुरपताबाईचं मन मात्र डळमळत होतं. "आमच्यात फट ठेवतेत, पोरी. माह्या सासऱ्यानंही ठेवली व्हती."

मी म्हटलं, "का ठेवतात?"

तिला सांगता आलं नाही. ठेवतात, एवढंच.

११ डिसेंबर

काम संपलं. लालसूनं आतल्या खोलीच्या छताखाली बांबूच्या ताट्या ठोकल्या, वर प्लास्टिकचा कागद घातला, खालून शेणमातीनं लिंपलं. वळचणीखालची फट चारी बाजूंनी बंद. चुलीच्या खोलीत नवी चूल, धुराला पाइप. संध्याकाळी धुरपताबाई चुलीपाशी बसून भात रांधत होती आणि खोकत नव्हती. स्वतःच दचकल्यासारखी म्हणाली, "आज डोये नाई चुरचुरले."

उदबत्ती लावून आतल्या खोलीत बसले. धुराची रेघ सुतासारखी सरळ वर गेली, कुठेही हलली नाही. मी बुधरीला बोलावून दाखवलं. तिनं फुंकर मारून ती मोडली आणि हसली.

आजपासून रोजे. पहाटे सेहरीला उठून एसटी धरायची म्हणजे झोप गेलीच.

२३ डिसेंबर

बुधरीला मुलगी झाली. सुईणीनंच केलं, सुखरूप. मी गेले तेव्हा आतल्या खोलीत ती खाटेवर होती, खाटेखाली मातीच्या शेगडीत निखारे. इकडे बाळंतिणीला असंच शेकतात, अम्मीही सांगते. बाहेर हात गारठत होते आणि आत पाऊल टाकलं तर घाम. धुरपताबाई मला धरून धरून दाखवत होती, "पाह्य, पाह्य कशी ऊब हाये. माह्या वक्ताले लाकडाचा ढीग जाळला तरी दात वाजत."

मुलगी मुठी आवळून झोपलेली. केस इतके की कपाळावर आले होते.

इतकं बरं मला फार दिवसांत वाटलं नव्हतं.

३० डिसेंबर

नागपूरहून पाहुणे आले, घर दाखवलं. सुनिलभाऊंनी सगळं मला बोलायला लावलं. मी धुराच्या पाइपपासून ताट्यांपर्यंत सांगितलं, आतल्या खोलीत उदबत्ती लावली. शेगडी चालू होती तरी धूर नाही, काजळी नाही, रेघ सरळ. पाहुण्यांपैकी एक बाई म्हणाल्या, "आमच्या फ्लॅटपेक्षा उबदार आहे." सगळे हसले. त्या लगेच बाहेर गेल्या, गुदमरतं म्हणाल्या. शहरातली माणसं.

माझंही डोकं तिथे बसून ठणकायला लागलं, रोजा असल्यावर दुपारनंतर व्हायचंच. परत येताना बांधावर बरं वाटलं.

एक गोष्ट आवडली नाही. पाहुणे गेल्यावर पाहते तर बुधरी बाळाला घेऊन परसात, उघड्यावर, वाऱ्यात बसलेली. अंगावर एक शाल. धुरपताबाई ओरडत होती.

"काऊन बाहेर आलीस?" मी विचारलं.

"आत डोकं चढते."

"अशक्तपणा आहे. बाळंतिणीला होतं. पण या थंडीत बाळाला बाहेर आणलंस तर न्यूमोनिया होईल. तुझ्यासाठीच तर खोली केली ना?"

ती बाळाच्या कानावरून शाल ओढून आत गेली. मी मागून दार लावून घेतलं, वारा आत जात होता.

५ जानेवारी २०००

थंडी फार. झाडीपट्टीच्या नाटकांचे तंबू गावोगाव उभे राहिलेत, पण लोक घोंगड्या पांघरून बसतात म्हणे. अब्बांकडे पेट्रोमॅक्सचं काम तुंबलंय.

कोसमटोल्यात अजून दोन घरं बघितली, त्यांनाही धुरपताबाईसारखी खोली हवीय. माती सुकायला वेळ लागतो, उन्हं वाढली की करू म्हटलं. बुधरीला दोनदा ओकारी झाली असं धुरपताबाई म्हणाली. दूध कमी येतं. मी तिला आरमोरीच्या दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या आणून दिल्या.

१० जानेवारी

काल ईद झाली. अम्मीनं डबाभर शीरखुर्मा बांधून दिलाय, उद्या-परवा कोसमटोल्याला नेईन. बुधरीनं खारीक कधी दुधात खाल्ली नाही म्हणाली होती.

१३ जानेवारी

मुलगी गेली.

मी डबा घेऊन पोचले तर अंगणात माणसं बसलेली. काल पहाटेचं. पुरून आले होते. लालसू खळ्यावर राखणीला होता, धुरपताबाई ओसरीत झोपली होती. आत बुधरी आणि मुलगी. थंडी जास्त म्हणून सासूनं शेगडीत निखारे वाढवून दार ओढून घेतलं होतं. उजाडताना दारावर काहीतरी घासल्याचा आवाज आला. धुरपताबाईनं उघडलं तर बुधरी उंबऱ्याशी पडलेली, उठता येईना, शब्द जुळेनात, अंगावर ओकलेली. मुलगी खाटेवर.

"गाल लाल व्हते तिचे," धुरपताबाई पुन्हा पुन्हा तेच सांगत होती. "लाल व्हते. मले वाटलं, झोपली हाये."

बाया कुजबुजतात की बुधरीच्या अंगाखाली आली. कुणी म्हणतं, दुखण्यावर म्हणून मोहाची घेतली असंल, नाहीतर पाय असे का लटपटले, जीभ अशी का अडखळली. मी कुणाला काही म्हटलं नाही. मलाही तसंच झालं असावं असं वाटलं. दमलेली पोर, गाढ झोप. होतं असं. कुणाचा दोष नसतो.

बुधरी भिंतीकडे तोंड करून परसात बसली होती. मी जवळ गेले. तिनं मान वळवली नाही. डबा धुरपताबाईच्या हातात कसा द्यायचा कळेना, परत आणला. एसटीत सांडला.

१५ जानेवारी

बुधरीला तिच्या बापानं माहेरी नेलं. नेलं की पाठवली, दोन्ही ऐकलं. लालसू तिच्यामागे बैलगाडीपर्यंत गेला आणि परत आला. धुरपताबाई म्हणते, "पोरगी दाबून मारली तिनं, तिले कसं ठेवू." असं म्हणते आणि रडते. लालसू चुलीपाशी बसून असतो.

सुनिलभाऊंनी विचारलं, उरलेल्या दोन खोल्यांची माती कधी भिजवायची.

१८ जानेवारी

नीट झोप नाही. दाबली गेली असं म्हणतात ते बरोबरच असेल. पण मग बुधरीला स्वतःला काय झालं होतं? तिच्या तोंडाला वास येत होता का, असं आज मी लालसूला विचारलं. तो म्हणाला, "घरात मोहाचा थेंब नव्हता. मी उचलून घेतलं तिले. वास नव्हता."

डोकं चढते, ती म्हणाली होती. अशक्तपणा, मी म्हणाले होते. त्या नागपूरच्या बाई गुदमरल्या. माझं डोकं ठणकलं. ते रोज्यामुळे.

आता रोजे नाहीत. उद्या जाऊन बघते. उगीच मनात राहायला नको.

२० जानेवारी

काल लिहिता आलं नाही, पेन धरवत नव्हतं.

लालसूला सांगितलं, शेगडी पेटवून दे, त्या दिवशी होते तेवढे निखारे घाल. त्यानं का म्हणून विचारलं नाही. निखारे चांगले लाल झाल्यावर, धूर सरल्यावर शेगडी आत ठेवली. मी दार ओढून खाटेवर बसले. तो बाहेरून हाक मारणार आणि मी ओ देणार, असं ठरलं होतं. दुपारची वेळ, कवडशाला जागा नाही म्हणून आत अंधार, निखाऱ्यांचा उजेड तेवढा. ऊब. छान वाटत होतं. वासही नव्हता कसला. मला वाटलं, काही नाही, उगीच आले.

मग कानशिलं ठणकू लागली, अगदी तशीच, पाहुणे आले होते त्या दिवशीसारखी. मग मळमळ. मी मनात म्हटलं, अजून थोडं, नक्की कळू दे. त्यानंतर उठावं असं वाटलंच नाही, हे सगळ्यात वाईट. भीती वाटत नव्हती. पाय आपले नाहीत असं झालं होतं आणि त्याचंही काही वाटत नव्हतं. लालसूनं हाक मारली ती ऐकली. ओ देते आहे असं मला वाटत होतं. त्यानं नंतर सांगितलं, तोंडातून आवाजच येत नव्हता.

त्यानं ओढून परसात आणलं. ओकले. जमिनीवर पालथी पडून राहिले. लटपटत उठायला गेले आणि पडले. कुंपणापलीकडून शेजारीण पाहत होती. मी दारू प्यालेय असंच तिला दिसलं असणार.

लालसू माझ्यापासून थोडा दूर उकिडवा बसला होता. त्याला कळलं होतं. मला कळायच्या आधी कळलं होतं की काय, कोण जाणे. म्हणाला, "मी ठोकल्या ताट्या. माह्या हातानं."

"मी सांगितल्या म्हणून."

"हाव," तो म्हणाला.

संध्याकाळी आरमोरीच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं. बंद खोलीत निखाऱ्यांचा विषारी वायू साचतो, त्याला रंग नाही, वास नाही, लहान जिवाला थोडाही पुरतो, म्हणाले. अशानं गेलेल्याचे गाल कधी कधी लाल दिसतात.

फट ठेवतात. का ठेवतात हे धुरपताबाईला सांगता आलं नव्हतं. आणि तिला सांगता येत नाही म्हणजे कारण नाही, असं मी धरून चालले.

२१ जानेवारी

सुनिलभाऊंना सगळं सांगितलं. ते खुर्चीतून उठून दार लावून आले. वाईट माणूस नाही, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. पण म्हणाले, "पोस्टमार्टेम झालं का? नाई. मंग खात्रीनं कोण सांगणार? आपण आपल्या अंगावर घेतलं तर नव्या चुलीही लोक फोडून टाकतीन. बाकीच्या बायांचा धूर पुन्हा चालू. त्याचा विचार कर ना."

मी त्याचाही विचार केला. त्यांचं काही चुकीचं नव्हतं, म्हणून जास्त त्रास झाला.

"गुपचूप जाऊन ताट्या काढून टाकू," ते म्हणाले. "ओल धरली म्हणून सांगू."

"आणि बुधरी?"

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून पुन्हा तिथेच ठेवला.

घरी अब्बांना सांगितलं. त्यांनी हातातली पक्कड खाली ठेवली, जी ते जेवतानासुद्धा ठेवत नाहीत. मला वाटलं, रागावतील. ते घाबरले होते. अब्बांना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"त्यायचं लेकरू गेलं, बेटा. आन् तू जाऊन म्हणशीन, माह्यामुळं गेलं. आपण मुसलमान नावाची माणसं. एखाद्याचं डोकं फिरलं तर?"

"त्या पोरीला सगळे दारुडी म्हणतात, अब्बा."

त्यांनी पक्कड उचलून पेटीत टाकली. म्हणाले, "मी येतो संग."

२३ जानेवारी

गेलो. अब्बांच्या लुनावरून, मी मागे. गावात मुखरू म्हणून जाणते आहेत, त्यांनी माणसं बोलावली. मी उभी राहून सांगितलं. काय होतं, कशानं होतं, कुणी सांगितलं म्हणून झालं. अब्बा चिंचेखाली गाडीला धरून उभे होते.

कुणी ओरडलं नाही. मी ओरडा खायची तयारी करून गेले होते, शांततेची नव्हती. मुखरूंनी विचारलं, "म्हणजे पोरगी अंगाखाली नाई आली?"

"नाही."

"आन् दारू?"

"नाही. मीही तशीच पडले होते, लालसूनं पाहिलंय."

लालसू उठला, घरात गेला आणि आतून ताट्या उपटल्याचे आवाज येऊ लागले. मातीची ढेकळं पडत होती. धुरपताबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं होतं.

"निखारे मी वाढवले," ती म्हणाली. "दार मी ओढलं. आन् तिले म्या म्हटलं, तू मारली." मग खोकला आला आणि ती तिथेच खाली बसली. मी हात पुढे केला तो तिनं धरला नाही.

परतताना अब्बा वाटेत थांबले, कुणीतरी मागे येतंय का ते पाहायला. कुणी नव्हतं.

२५ जानेवारी

संस्थेनं कामावरून काढलं नाही. मीच आजपासून येत नाही म्हणून सांगून आले. सुनिलभाऊ म्हणाले, "उरलेल्या घरायले काय सांगू?" म्हटलं, चुली बांधा, वळचण सोडून द्या. त्यांनी मान हलवली. ते करतील, मला वाटतं.

लालसू बुधरीला आणायला गेला होता, एकटा परत आला. ती आली नाही. तिच्या गावातही तीच बातमी आधी पोचली होती, की लेकरू दाबून मारणारी, प्यालेली बाई. विहिरीवर तिची घागर कुणी शेजारी ठेवू देत नाही. लालसूनं सासऱ्याला खरं सांगितलं. सासऱ्यानं ऐकून घेतलं, बाकीच्यांना ते नवऱ्यानं बायकोवर घातलेलं पांघरूण वाटलं.

२९ जानेवारी

बुधरीच्या माहेरी जाऊन आले. लालसूनं वाट दाखवली, अब्बाही होते. गाव जंगलात बरंच आत, सागाच्या रानातून जावं लागतं. पानगळ चालू आहे, पावलांचा आवाज दूरपर्यंत जातो, त्यामुळे आम्ही पोचायच्या आधीच सगळ्यांना माहीत होतं.

बुधरी अंगणात, उन्हात बसून टोळंब, मोहाच्या बिया, निवडत होती. वाळली आहे. तिचा बाप, पोचू त्याचं नाव, म्हणाला, ती घरात झोपत नाही. एवढ्या थंडीत मांडवाखाली झोपते.

मी तिच्यासमोर मातीत बसले. पाठ करून गेले होते ते सगळं गेलं. म्हटलं, "तुझ्या अंगाखाली नव्हती ती. निखाऱ्यांचा वायू होता. फट मी बुजवायला लावली. तू बाहेर आलीस तर तुला आत पाठवलं तेही मीच."

ती निवडत राहिली. हात थांबला नाही.

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "ते माह्या अंगाखाली नव्हती. बाजूले व्हती. मी हात लावून पाह्यला पह्यले, मंग दाराकडं गेली. मले कायले सांगतेस?"

मला वाटलं होतं, ती रडेल, किंवा मला हाकलून देईल, किंवा कुठेतरी आत तिला हलकं वाटेल. मी ते हलकं वाटणं घेऊन आले होते, जणू तिच्यासाठी. तिला त्याची गरज नव्हती. ती माझ्या तोंडाकडे पहिल्यांदा सरळ पाहत होती.

"या लोकायले सांग," ती म्हणाली आणि मान गावाकडे हलवली.

पोचूनं लोकांना बोलावलं. मोहाच्या झाडाखाली पुरुष पुढे बसले, बाया मागे, काही कुडाशी उभ्या. मी मराठीत बोलत गेले आणि पोचू ते गोंडीत सांगत गेला. त्याचा आवाज मधूनच जात होता, मग मी थांबायचे. खोली कशी होती, कुणी करायला लावली, निखारे काय करतात, मी स्वतः कशी पडले. ती प्यालेली नव्हती. तिनं लेकरू दाबलं नाही. हे वाक्य पोचूनं दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा माझ्याकडे न पाहता.

संपलं. पुढचा एक म्हातारा विडी शिलगावू लागला. लालसू खाली पाहत होता. मला वाटलं, झालं, आता उठावं. अब्बाही चपला शोधू लागले होते.

बुधरी उठून पुढे आली. अंगावर तीच शाल होती, बाळाच्या वेळची. ती बायांकडे वळली, कुडाशी उभ्या होत्या त्यांच्याकडे, विहिरीवरच्या बायांकडे. एकेकीचं तोंड पाहिलं. मग माझ्याकडे आली.

"मांगच्यायले आयकू नाई आलं," ती म्हणाली. "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. मोठ्यानं.